सहा पायऱ्यांचा सल्ला

२ मार्च, सोमवार

सरांनी सांगितलंय, रोज चार ओळी इंग्रजीत लिहा. लिहिल्या. उठले, कामावर गेले, चौदा बिछाने घातले, घरी आले. इंग्रजीत माझा दिवस एवढ्यातच आटोपला. उरलेला दिवस वाया जाऊ नये म्हणून ही दुसरी वही सुरू केली आहे, मराठीतली. ही सरांना दाखवायची नाही.

तर झालंय असं. हॉटेलात खोल्या आवरण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. चादरीचा कोपरा माझ्यासारखा कुणी मुडपत नाही, हे मी म्हणत नाही, मागच्या मॅनेजरनी लेखी दिलंय. आता नव्या मालकांनी ‘ट्रेनर’ अशी जागा काढली आहे. नव्या मुलींना शिकवायचं, स्वतः वाकायचं नाही. ‘वाकायचं नाही’ हे ऐकल्याबरोबर माझ्या कमरेनेच अर्ज करून टाकला. खरंच सांगते, कंबर आता संपली आहे. आणखी दोन वर्षं बिछाने घातले तर मला घडी घालूनच घरी आणावं लागेल.

अर्ज दोघींचे. मी आणि कडक. कडक म्हणजे आमची इस्त्रीवाली; तिच्या हातची कॉलर आणि तिचा स्वभाव दोन्ही उभे राहतात. परीक्षा सत्तावीस तारखेला, आणि तीही इंग्रजीत, कारण नव्या मुली चार मुलखांतून आलेल्या आणि त्यांना एकमेकींचं कळतं ते इंग्रजीतूनच.

मॅनेजरबाईंनी अट घातली आहे की ट्रेनरने हुकूम सोडायचा नाही, सल्ला द्यायचा. ही अट कुणामुळे आली ते मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात एका मुलीला मी विचारलं होतं, “धिस इज बेडशीट ऑर मॅप?” पोरगी जाऊन टॉवेलांच्या कपाटात रडत बसली. चादरीवर सुरकुत्या होत्या तर मी काय करणार?

५ मार्च, गुरुवार

सर बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आमची ड्यूटी संपली की चार वाजता स्टाफच्या जेवणघरात शिकवतात. आज त्यांनी फळ्यावर जिना काढला. सल्ल्याच्या सहा पायऱ्या. सगळ्यात खाली ‘मे बी यू कुड’, म्हणजे जमलं तर बघा, नाही जमलं तरी काही बिघडत नाही. मग ‘हाऊ अबाउट’. मग ‘व्हाय डोन्ट यू’. चौथी ‘इफ आय वेअर यू’, मी तुमच्या जागी असते तर. पाचवी ‘यू शुड’. आणि सहावी ‘यू हॅड बेटर’, म्हणजे करा, नाहीतर पस्तावाल. त्याच्यावर त्यांनी ‘यू मस्ट’ लिहिलं आणि लाल खडूने खोडून टाकलं. ते हॉटेलात चालणार नाही.

परीक्षेत एक चिठ्ठी उचलायची, तिच्यात कुणाची तरी अडचण लिहिलेली असेल. तीन मिनिटांत सहाही पायऱ्या वापरून सल्ला द्यायचा, खालून वर. मला सरांनी उभं केलं. अडचण होती, माझे बूट ओले झाले. मी म्हटलं, “यू मस्ट रिमूव्ह द बूट.” सर म्हणाले, “बाई, तुम्ही जिन्याने येतच नाही. लिफ्टने एकदम वर.”

कडक पाचव्या पायरीपर्यंत व्यवस्थित गेली. तिला मी मनापासून टाळ्या वाजवल्या, म्हणजे वाजवल्या.

गृहपाठ असा की घरातल्या कुणीतरी अडचण सांगायची, आपण सहा सल्ले द्यायचे, वहीत लिहायचे आणि समोरच्याची सही घ्यायची. लेक परगावी, तेव्हा घरातलं कुणी म्हणजे घड्याळजीच.

माझ्या नवऱ्याला सगळी गल्ली घड्याळजी म्हणते. मीही इथे तेच लिहिते, कारण ‘अहो’ लिहून वहीत कसं दिसेल? चौतीस वर्षं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, कपाटाएवढं. शेजारी शिंप्याचं दुकान, मधे एक भिंत. बोलणं बेताचं. इंग्रजी मात्र घड्याळांची माहितीपुस्तकं वाचून वाचून माझ्यापेक्षा बरंच बरं. गृहपाठाला नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते लगेच म्हणाले, “चालेल. मला वेळ आहे.”

वेळ आहे? घड्याळाच्या माणसाला?

९ मार्च, सोमवार

चार दिवस सराव जोरात चालू आहे. पहिल्या दिवशी घड्याळजींनी अडचण सांगितली, “माय वाइफ टॉक्स टू मच.” मी शांतपणे सहा सल्ले दिले. मे बी यू कुड लिसन. हाऊ अबाउट लिसनिंग. व्हाय डोन्ट यू लिसन. असं करत करत हॅड बेटर लिसनपर्यंत पोचले. सर म्हणाले सहा पायऱ्या आहेत, पण सल्ला एकच आहे. प्रत्येक पायरीवर सल्ला वेगळा हवा. हे आधी सांगायचं होतं.

एक गंमत. घड्याळजी रोज सकाळी पेपर घेऊन कोपऱ्यात बसतात आणि तासभर कुणाचे राहत नाहीत. परवा पेपर माझ्या हातात देऊन म्हणाले, “तू मोठ्याने वाच. तुझं वाचन सुधारेल.” तेव्हापासून मी वाचते आणि ते डोळे मिटून ऐकतात. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, माझा आवाज त्यांना इतका आवडतो हे आत्ता कळतंय. हवामानाचा अंदाजसुद्धा वाचायला लावतात.

आज चहाचा कप त्यांच्या हाताने उलटला. उजवीकडेच ठेवला होता. मी म्हटलं, “लक्ष कुठे असतं तुमचं?” ते म्हणाले, “तुझ्या उच्चारांकडे.”

१२ मार्च, गुरुवार

आजचा सराव सगळ्यात झकास झाला. पूर्ण उतरवून ठेवते.

घड्याळजी खुर्चीत सरळ बसले आणि इंग्रजीत हळूहळू म्हणाले, माझा एक मित्र आहे. शिंपी आहे. त्याचा एक डोळा अधू होतो आहे. सुईत दोरा ओवता येत नाही. त्याने बायकोला सांगितलेलं नाही. बायको एका महत्त्वाच्या कामात आहे. त्याने काय करावं?

मला इतका आनंद झाला! अडचण खरीखुरी वाटत होती, आणि सहा वेगवेगळे सल्ले सुचण्याजोगी. मी खालून सुरुवात केली. मे बी ही कुड बाय अ बिगर लॅम्प. हाऊ अबाउट टेकिंग ओन्ली बिग वर्क, पडदे, उशांचे अभ्रे वगैरे. व्हाय डझन्ट ही टर्न हिज टेबल टू द विंडो. इफ आय वेअर हिम, आय वुड टेल द वाइफ आफ्टर हर वर्क. ही शुड क्लोज द शॉप अर्ली. आणि शेवटी ऐटीत, ही हॅड बेटर सी अ डॉक्टर.

सहाच्या सहा. एकदाही अडखळले नाही. डॉक्टर खरं तर मला पहिल्यांदाच सुचला होता, पण तो सहाव्या पायरीसाठी राखून ठेवला, नाहीतर वर काय म्हणणार?

घड्याळजी म्हणाले, “वन मोअर टाइम. स्लोली.” मी पुन्हा म्हणून दाखवलं. मग त्यांनी विचारलं, “अँड इफ द डॉक्टर सेज, टू लेट?”

मी म्हटलं, “एका वेळी एकच अडचण. सरांचा नियम आहे.”

त्यांनी मान हलवली आणि वहीत सही केली. सही अशी केली की चौकटीतून बाहेर पडून माझ्या सहाव्या सल्ल्यावर चढली. सर म्हणतील ही कुणाची सही. मी खाली खुलासा लिहिला आहे.

१५ मार्च, रविवार

लेकीचा फोन. तिला सराव ऐकवला. शिंपीकाकांच्या डोळ्यांचं सांगितलं, बिचारे सहा महिन्यांत आजोबा होणार आणि ही कटकट. मित्र शिंपी म्हणजे भिंतीपलीकडचेच, दुसरा शिंपी यांच्या ओळखीत कोण आहे? लेक म्हणाली, “आणि बाबा कसे आहेत?” म्हटलं, मजेत. पूर्वी नाही इतके घरात रमतात. ती म्हणाली, “बाबा? रमतात?” मुलींना आईवडिलांचं सुख बघवत नाही.

१७ मार्च, मंगळवार

घड्याळजींनी दुकानात नवा दिवा आणला. केवढा! दंतवैद्याकडे असतो तसला. मी म्हटलं, “आता गिऱ्हाईकांचे दात काढणार का?” ते हसले.

आणखी एक पाहिलं. भिंग डोळ्याला लावून लावून त्यांच्या उजव्या डोळ्याभोवती एक गोल वळ पडला आहे, लग्नाआधीपासूनचा. तसाच बारीक वळ आता डाव्या डोळ्याभोवती उमटतोय. विचारलं तर म्हणाले, “दोन्ही डोळ्यांना सारखं काम.” माझ्या कमरेला हा न्याय कुणी लावला असता तर किती बरं झालं असतं.

२१ मार्च, शनिवार

धंद्यात क्रांती. घड्याळजींनी मनगटी घड्याळं घेणं बंद केलं, आता फक्त भिंतीवरची. दुकानात गेले तर चहूकडून टोले. एकाला पाच वाजलेत, दुसऱ्याला सव्वानऊ. मी म्हटलं, तीस वर्षं बारीक कामात नाव कमावलंत आणि आता हे कुठून सुचलं? म्हणाले, मनगटावर हल्ली कोण बांधतं, सगळे फोनमध्ये वेळ बघतात. पटलं. माणूस या वयात काळाबरोबर बदलतो म्हणजे थोडी गोष्ट नाही. मी सरांनाही सांगितलं.

टेबलही फिरवलंय. इतकी वर्षं रस्त्याकडे पाठ करून बसायचे, आता खिडकीकडे तोंड. दुकान प्रशस्त दिसतं, म्हणजे कपाटाचं दार उघडल्याइतकं.

कडक आज मला म्हणाली, “मे बी यू कुड स्माईल मोअर.” मी म्हटलं, “हाऊ अबाउट मायंडिंग युवर इस्त्री.” दोन पायऱ्या झाल्या म्हणून दोघी हसलो. पण जागा मला हवी आहे. आज सहाव्या खोलीत गादी उचलताना डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी पाच मिनिटं बाथटबच्या काठावर बसून होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. घरी तर नाहीच, उगीच काळजी करत बसतील.

२४ मार्च, मंगळवार

घड्याळजी आता पाचलाच दुकान बंद करतात आणि मला घ्यायला हॉटेलच्या मागच्या दाराशी येतात. पूर्वी कधी आले होते? लेक झाली तेव्हा, दवाखान्यात. आम्ही चालत घरी येतो. आज मी त्यांच्या डावीकडून चालत होते तर म्हणाले, “तू या बाजूला ये, उजवीकडे.” का विचारलं, तर म्हणाले, “उजवीकडे तू बरी असतेस.” पन्नाशी उलटलेल्या बाईने लाजावं का? मी लाजले. कोपर धरून चालले आणि रस्त्यातले खड्डे, सायकली, सगळं त्यांना सांगत राहिले, कारण बोलल्याशिवाय मला चालता येत नाही.

परीक्षा तीन दिवसांवर. जीभ तयार आहे.

२७ मार्च, शुक्रवार

आज परीक्षा होती. कुठून सुरुवात करू तेच कळत नाही, तेव्हा सकाळपासूनच लिहिते.

परीक्षा अकराला. नऊला मी तयार होऊन बाहेर पडले. मनात आलं, जिवंत माणसावर एकदा सराव करून बघू. शिंपीकाका समोरच होते, आणि त्यांच्या डोळ्यांचं माझ्या मनाला लागूनच राहिलं होतं. दोन पक्षी, म्हणजे दोन कामं एकदम होतील. गेले आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी काढून म्हटलं, काका, मोठा दिवा घेतलात तर? नुसते पडदे शिवलेत तर कसं? काका बघतच राहिले. मी चौथ्या पायरीवर आले, “मी तुमच्या जागी असते तर काकूंना सांगून टाकलं असतं.” त्यांनी विचारलं, काय सांगून टाकलं असतं? म्हटलं, डोळ्याचं, सुईत दोरा जात नाही ते.

काकांनी टेबलावरची सगळ्यात बारीक सुई उचलली, दोरा तोंडात धरून ओला केला आणि एका झटक्यात ओवला. माझ्यासमोर धरला. मग दुसरी सुई घेतली आणि तीही ओवली. म्हणाले, “वहिनी, माझे डोळे ठणठणीत आहेत. तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, यांनी.

काकांनी सुई खाली ठेवली. इतका वेळ चेष्टा चालली आहे असं त्यांना वाटत होतं, ते वाटणं त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं. भिंतीकडे बघून हळूच म्हणाले, “दिवा तर त्यांनी घेतलाय.”

मी तिथेच उभी राहिले. पिशवीत गृहपाठाची वही होती. बारा मार्चचं पान उघडलं. मोठा दिवा. मोठी कामं. खिडकीकडे टेबल. बायकोचं काम होईपर्यंत सांगायचं नाही. दुकान लवकर बंद. माझ्याच अक्षरात, एकाखाली एक. आणि सहाव्यावर चढून गेलेली ती सही.

पंधरा दिवस तो माणूस माझ्या सल्ल्यांच्या पायऱ्या एकेक करून चढत होता. डॉक्टर मी वर नेऊन ठेवला होता, इंग्रजी छान दिसावं म्हणून.

शेजारच्या दुकानात गेले. ते खिडकीपाशी एका भिंतीवरच्या घड्याळाचे काटे बसवत होते, बोटांनी चाचपत. मी उजव्या बाजूने गेले, अगदी हाताच्या अंतरावर उभी राहिले. त्यांना कळलं नाही. मी श्वास घेतला तेव्हा दचकले.

मी म्हटलं, “शिंपीकाकांनी दोन सुया ओवून दाखवल्या.”

त्यांनी हातातला काटा टेबलावर ठेवला. सगळी घड्याळं बोलत होती. मग म्हणाले, “आज तुझी परीक्षा आहे. अकराला. जा.”

मला इतका राग आला, त्यांचा आणि माझा, की कुठला आधी काढावा ते सुचेना. विचारलं, एकोणतीस वर्षं एका घरात राहून हे मला परक्या भाषेत सांगायचं? मित्राच्या नावाने? शिंप्याच्या?

ते म्हणाले, “मराठीत सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस, आणि तू घाबरलीस की मी संपलोच. इंग्रजीत तुला घाबरायला शब्द नव्हते. नुसतं उत्तर दिलंस. ते ऐकून मला बरं वाटलं गं.”

मी वही पिशवीत परत घातली.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अर्धं माहीत होतं. सासरे घड्याळजीच होते आणि शेवटची वर्षं आंधळे होते, एवढं मी ऐकून होते. त्यांचीही नजर अशीच कडेकडेने गेली, हे नव्हतं माहीत. दुकानाच्या उंबऱ्यावर बसून पावलांच्या आवाजावरून गिऱ्हाईक ओळखायचे आणि मुलाला सांगायचे, ऊठ, अमका आला. तो मुलगा हे सगळं डोळ्यांनी बघत होता आणि आपली पाळी येऊ नये म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे फिरकत नव्हता. डॉक्टरने नाव घेतलं की ते खरं होईल, असा त्यांचा हिशोब.

मी दुकानातूनच मॅनेजरबाईंना फोन लावला. इंग्रजीत बोलले. म्हटलं, आय ॲम नॉट कमिंग. माय हसबंड मस्ट सी अ डॉक्टर. त्यांनी विचारलं, उद्या नाही का चालणार, आज परीक्षा आहे. मी म्हटलं, “नो. मस्ट. टुडे.” खोडलेला शब्द दोनदा वापरला आणि फोन ठेवला. मग घड्याळजींना म्हटलं, चपला घाला. यात सल्ला नव्हता.

ते उठले आणि मुकाट्याने चपला शोधू लागले. एक उजवीकडे होती. ती मी पुढे सरकवली.

२८ मार्च, शनिवार

काल लिहिता लिहिता हात दुखला. उरलेलं आज.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांची हनुवटी एका यंत्रावर टेकवली. एकेक डोळा झाकून ठिपके दाखवतात, दिसला की बटण दाबायचं. मी मागे बसले होते. डाव्या डोळ्याला टकटक टकटक. उजव्याला मी आवाजाची वाट बघत बसले. मधूनच एखादा टक. मग कितीतरी वेळ काही नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला थेट. काचबिंदू. उजव्या डोळ्याचं जे गेलं ते आता परत येणार नाही. डाव्याला सुरुवात आहे, पण तो राखता येईल. रोज थेंब, जन्मभर, वेळ न चुकवता, आणि तीन महिन्यांनी तपासणी. मी विचारलं, “पंधरा दिवस आधी आलो असतो तर?” हा प्रश्न मी सकाळपासून गिळत होते. त्या म्हणाल्या, पंधरा दिवसांनी काही झालेलं नाही. हे दोन वर्षांपासून चाललेलं असणार.

त्यांना वाटलं मला धीर मिळेल. दोन वर्षं. मी माणसाच्या डोळ्यातलं कुसळ ओळखते, चादरीवरचा केस तीन फुटांवरून दिसतो मला.

चालत परत निघालो. मग घड्याळजी म्हणाले, “एक डोळा पुरतो. भिंग एकच असतं.” मी हसले आणि मग रस्त्यातच रडले. त्यांनी रडू दिलं. मी घाबरले की ते संपत नाहीत, हे त्यांना आता कळलं असेल.

१ एप्रिल, बुधवार

ट्रेनर कडक झाली. एका पायरीवर अडखळली म्हणे, पण पास. तारीख कुणासाठी पुढे ढकलता येत नाही, पुढची परीक्षा सप्टेंबरात. मॅनेजरबाई वाईट वाटल्यासारखं बोलल्या, बहुतेक खरंच वाटलं असेल.

मी कडकचं अभिनंदन केलं. वाईट वाटलं का? वाटलं. चौदा बिछाने घालताना प्रत्येक बिछान्याला वाटलं. दुपारी ती नवा बॅज लावून माझ्या खोलीत आली, मी गादीखाली कोपरा खोचत होते. म्हणाली, “मे बी यू कुड बेंड युवर नीज.” मी वर बघितलं, काहीतरी सुनवायच्या तयारीत. ती मराठीत म्हणाली, “गुडघे वाकव गं, कंबर वाचेल. मी रोज बघते आणि मला बघवत नाही.”

गुडघे वाकवले. फरक पडतो. सव्वीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची कुणाची टाप होती? जाताना म्हणाली, चादर पाकिटासारखी मुडपायला तू मुलींना दाखव, मला ते जमत नाही. उद्यापासून आठवड्यातून दोन दिवस दाखवायचंय. बॅजशिवाय.

४ एप्रिल, शनिवार

लेक येऊन गेली. बाबांच्या गळ्यात पडली, माझ्याकडे बघून म्हणाली, “रमतात म्हणे.” मी चहा टाकायला उठले. 

मनगटी घड्याळं पुन्हा घ्यायला लागलेत, दिवसाला दोनच, डाव्या डोळ्याने. फार बारीक असेल तर सरळ परत देतात आणि कारणही सांगतात. शिंपीकाका येता-जाता दारात सुई ओवून दाखवतात. आता ते पुष्कळ दिवस चालेल.

११ एप्रिल, शनिवार

थेंब सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. पहिल्या दिवशी मी सांडले, गालावरून मानेत. आता बरोब्बर पडतात. ते मान मागे टाकून बसतात आणि मी वरून बघते. इतक्या जवळून मी त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिलं होतं? उजवा डोळा डाव्यासारखाच आहे. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

सरांचा वर्ग सोडलेला नाही. सप्टेंबर आहेच. आज दुपारी पुन्हा गृहपाठ घेऊन बसलो. घड्याळजी खुर्चीत सरळ बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, “आय हॅव अ फ्रेंड.”

मी वही मिटली. म्हटलं, “मित्राचं नको. आणि मराठीत सांगा.”

ते थांबले. भिंतीवर दुरुस्तीला आलेलं एक घड्याळ लावून ठेवलंय, चालीची परीक्षा म्हणून. ते चाललं होतं. मला वाटलं, आता उठून जातील. ते उठले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत म्हणाले, “मला भीती वाटते गं. डाव्याचीही.”

माझ्या जिभेवर सहाही पायऱ्या आल्या होत्या, खोडलेली सातवीसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते, थेंबांचं, तपासणीचं, काळजी करू नका, सगळं. त्यातलं एकही मी बोलले नाही. म्हटलं, “मलाही वाटते.”

त्यांनी हात पुढे केला, तो थोडा चुकीच्या जागी आला, कारण मी सवयीने त्यांच्या उजवीकडे बसले होते. पंधरा दिवस तिथेच चालले, तिथेच बसले, आणि आधी मला वाटत होतं की त्या बाजूने मी बरी दिसते.

मी खुर्ची उचलली आणि त्यांच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवली. तिथून मी त्यांना दिसते.